शहरातील हवेचा अमोनिया आणि शेतातील युरिया

दिल्लीच्या हिवाळ्यातील प्रदूषित हवेची चर्चा सुरू झाली की भाताचे काड जाळणे, वाहने, वीटभट्ट्या आणि बांधकामाची धूळ यांचा उल्लेख हटकून होतो. अमोनियाचे नाव मात्र क्वचितच निघते. याला कारणही तसेच आहे. २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांनुसार हवेतील अमोनियाची २४ तासांची मर्यादा प्रति घनमीटर ४०० मायक्रोग्रॅम, तर वार्षिक मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. शहराच्या हवेतील अमोनिया सामान्यतः या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. हवा गुणवत्ता निर्देशांकात त्याचा समावेश असला, तरी निर्देशांक सर्वांत वाईट घटकावरून ठरतो आणि तो घटक बहुधा सूक्ष्म कण हाच असतो. त्यामुळे कागदोपत्री अमोनिया निर्दोष ठरतो. वस्तुतः त्या सूक्ष्म कणांच्या घडणीतच त्याचा वाटा असतो.

वायूचा कण कसा होतो

हवेतील बहुतेक प्रदूषक वायू आम्लधर्मी असतात. अमोनिया हा त्यांतील प्रमुख विम्लधर्मी वायू होय. कोळशाच्या ज्वलनातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडपासून गंधकाम्ल, वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडपासून नायट्रिक आम्ल, तर प्लास्टिकयुक्त कचरा जाळल्याने हायड्रोक्लोरिक आम्ल हवेत येते. अमोनियाशी संयोग होऊन त्यांचे अनुक्रमे अमोनियम सल्फेट, नायट्रेट आणि क्लोराइड हे क्षार बनतात. हे कण २.५ मायक्रॉनपेक्षा लहान असल्याने फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. नायट्रेट व क्लोराइड थंड आणि दमट हवेतच टिकतात, ऊन तापले की पुन्हा वायुरूप होतात. म्हणून त्यांचा जोर हिवाळ्याच्या रात्री व पहाटे अधिक असतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा अभ्यास चालविला असून, त्यात हवेतील अमोनिया व त्याच्या क्षारांचीही मोजणी होते. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिल्लीच्या कणांतील क्लोराइडचा मोठा वाटा स्पष्ट झाला. हा क्षार हवेतील पाणी शोषून फुगतो आणि दृश्यमानता झपाट्याने घटते.

अमोनिया येतो कोठून

शहरातही त्याचे स्रोत आहेत: उघडी गटारे, गाझीपूर व भलस्वा येथील दुग्धवसाहती आणि तेथील कचऱ्याचे डोंगर, तसेच पेट्रोल वाहनांतील उत्प्रेरक नळकांडी. परंतु उपग्रहांच्या निरीक्षणात गंगा-सिंधूचे संपूर्ण मैदान जगातील सर्वाधिक अमोनियाच्या पट्ट्यांपैकी एक म्हणून दिसते, आणि त्यामागे प्रामुख्याने पशुधन व युरिया आहेत. अमोनिया वायू फार काळ हवेत टिकत नाही. त्याचा कण बनला की मात्र तो कित्येक दिवस तरंगत शेकडो किलोमीटर जातो.

युरिया जमिनीवर पडताच युरिएज या विकरामुळे त्याचे विघटन सुरू होते आणि दाण्याभोवतीचा सामू वाढतो. सामू ७ असताना अमोनियम-नत्रातील जेमतेम अर्धा टक्का अमोनियाच्या रूपात असतो. सामू ९ झाला की तो एक तृतीयांशाहून अधिक होतो. उष्णता, वारा आणि ओलसर पृष्ठभाग असेल तर फेकून दिलेल्या युरियातील पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक नत्र उडून जाऊ शकते. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. म्हणजे गोणीमागे ४ किलो नत्र हवेत गेले. शेतकरी ज्याची भरपाई आणखी अर्ध्या गोणीने करू पाहतो, ती उणीव पुष्कळदा मात्रेची नसून पद्धतीची असते.

येथे कडुनिंबयुक्त युरियाविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. २०१५ पासून देशातील सर्व युरिया कडुनिंबाचे लेपन करूनच येतो. परंतु हे लेपन अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करते. युरियाचे विघटन ते फारसे रोखत नाही. अमोनियम मातीत जास्त काळ राहिल्याने, युरिया पृष्ठभागावरच असेल तर वायुरूप ऱ्हास काहीसा वाढूही शकतो. ‘निमकोटेड आहे, उडणार नाही’ असे सांगणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने ही बाब ध्यानात घ्यावी.

पद्धतीतील फरक

उत्तरेकडील गव्हाला पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, पहिले पाणी व युरियाचे वरखत मिळते. हा काळ नेमका नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा, म्हणजे धुक्याच्या ऋतूच्या तोंडाचा असतो. हलक्या जमिनीत पाण्याआधी युरिया दिल्यास पाण्याबरोबर तो खाली उतरतो. भारी जमिनीत वाफसा आल्यावर देण्याची रीत आहे; तेव्हा तो ओलाव्याने विरघळतो, पण पृष्ठभागावरच राहतो. कोळपणीने मातीत मिसळता आला तरच तेथे हानी आटोक्यात येते. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींना हे विशेष लागू आहे, कारण त्यांचा सामू मुळातच ८ च्या आसपास असतो. अशा जमिनीत अमोनियम सल्फेटमधूनही अमोनिया उडतो. तेव्हा केवळ खत बदलून प्रश्न सुटत नाही.

काड न जाळता त्यातच गहू पेरण्याचा सल्ला योग्यच आहे. मात्र काडावर युरिएज भरपूर असते आणि त्यावर फेकलेला युरिया मातीपर्यंत न पोहोचताच उडू लागतो. अशा शेतात तो ओळीत, मातीआड द्यावा किंवा लगेच पाणी द्यावे. खोडव्यात पाचट कुजविण्यासाठी युरिया टाकणाऱ्या ऊस उत्पादकांनीही तेच करणे इष्ट.

भातखाचरातील पाण्याचा सामू शेवाळामुळे दुपारी ९ च्या वर जातो. कोकणात चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल युरिया-डीएपीची ब्रिकेट खोचण्याची पद्धत रुळली आहे. तीत नत्र उभ्या पाण्यापासून दूर, चिखलात राहते. मजुरी अधिक लागते, हे तिच्या प्रसारातील खरे अडथळ्याचे कारण आहे. गोठ्यात शेण व मूत्र एकत्र येताच अमोनिया सुटतो, कारण मूत्रातील युरियाला शेणातील युरिएज मिळते. मूत्राला वेगळा उतार द्यावा, उकिरडा झाकावा आणि शेणखत पसरल्यावर त्याच दिवशी मातीत मिसळावे.

गंगेच्या मैदानात आम्लांच्या तुलनेत अमोनिया मुळातच विपुल आहे. म्हणून तो थोडा घटला तरी दिल्लीतील कण लगेच त्या प्रमाणात घटणार नाहीत. वीजकेंद्रांतील गंधक, वाहनांतील नायट्रोजन ऑक्साइड आणि कचऱ्याचे ज्वलन यांवरही एकाच वेळी नियंत्रण हवे. शहरातील प्रदूषणाचे खापर शेतकऱ्यावर फोडणे त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचे ठरते. गोणीमागचे चार किलो नत्र वाचविण्यासाठी मात्र त्याला शहराच्या हवेची वाट पाहण्याची गरज नाही.