वीज उलटी आली तर?

ऊन-पावसाच्या दिवसांत झाडाची फांदी तारांवर पडली की कोरगावात वीज जाते. पुरवठा बंद करून लाईनमन खांबावर चढतो. त्याच वेळी एखाद्या घरातले सौर पॅनेल तारेत वीज ढकलू लागले तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून चांगला इन्व्हर्टर बाहेरची वीज जाताच स्वतःही क्षणात बंद पडतो. 'पॅनेल असून पंखा का थांबला?' याचे उत्तर हेच! (बॅटरीची सोय असेल तर गोष्ट वेगळी.)

जर्मनीत लोक गॅलरीच्या कठड्याला पॅनेले टांगून त्यांची पिन सरळ घरच्या प्लगात घालतात. २०२४ पासून तेथे ८०० वॅटपर्यंतच्या इन्व्हर्टरला नुसती नोंदणी पुरते. भर उन्हात एवढ्यावर ७५ वॅटचे दहा पंखे फिरतील. मर्यादा का? प्लगातून आत आलेली वीज एम.सी.बी.ला दिसतच नाही. ती जास्त झाली तर भिंतीतली वायर तापते.

आपल्याकडे वीज खात्याकडे अर्ज करून दोन्ही दिशांची वीज मोजणारा मीटर बसवावा लागतो. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या एका किलोवॅटला ३०,००० रुपये, तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. पण भाड्याचे घर, किंवा दहा वाटेकऱ्यांचे कौलारू घर असेल तर? अशांसाठी प्रमाणित, छोट्या प्लगच्या पॅनेलांना सोपा नियम हवा, असे आम्हाला वाटते. तोवर पालकांनी बाजारातला स्वस्त संच आणून प्लगात घालू नये.