पाठ ९ : शोभेची दारू आणि परवाना

प्रस्तावना

दिवाळी जवळ आली की गावोगावच्या मैदानांवर पत्र्याचे तात्पुरते गाळे उभे राहतात. भुईनळे, भुईचक्रे, फुलबाज्या, बाण आणि लवंगी माळा यांनी ते गजबजून जातात. ग्राहकाला ही केवळ सणाची खरेदी वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र फटाका हे एक स्फोटक आहे. म्हणून त्याचे उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर परवान्याचे बंधन आहे. हे बंधन खरेदीदारावरही असावे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात म्हैसूर शहराच्या निमित्ताने केला आहे.

दारूकामाची जुनी परंपरा

विजयनगरला १४४३ साली आलेला इराणी वकील अब्दुर रझाक याने तेथील महानवमीच्या उत्सवातील दारूकामाचे वर्णन केले आहे. हा उत्सव पुढे म्हैसूरच्या वडियार राजघराण्याने चालविला. राजा वडियार यांनी १६१० साली श्रीरंगपट्टण येथे दसरा साजरा करण्यास प्रारंभ केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील दारूकामाचा इतिहास लिहिला. त्यांचा हा निबंध १९५३ साली बंगळूर येथून प्रसिद्ध झाला. दसऱ्याच्या रात्री म्हैसूरच्या बन्नीमंटप मैदानावर होणाऱ्या मशालींच्या कवायतीतही आतषबाजीचे आकर्षण अनेक वर्षे राहिले आहे. जी गोष्ट इतकी रुजलेली आहे, तिच्यावर नियम घालताना शासनाला सुरक्षितता आणि लोकांची आवड या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

परवाना कोणाला लागतो?

भारतात स्फोटक अधिनियम १८८४ साली झाला. सध्या लागू असलेली नियमावली २००८ सालची आहे. मोठे कारखाने व गोदामे यांवर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सणापुरत्या तात्पुरत्या दुकानांचा परवाना मात्र जिल्हा पातळीवर मिळतो. सामान्यतः तो जिल्हादंडाधिकारी देतात. ज्या शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तेथे हा अधिकार पोलिसांकडे असतो. म्हैसूर हे असेच शहर आहे. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने स्फोटक पदार्थ विकण्यास कायद्याची मनाई आहे.

तात्पुरत्या दुकानांसाठी पुढील अटी आहेत :

१. गाळा न जळणाऱ्या साहित्याचा असावा.
२. दोन गाळ्यांत किमान ३ मीटर अंतर असावे आणि गाळे समोरासमोर नसावेत.
३. वस्तीपासून व इतर संरक्षित वास्तूंपासून किमान ५० मीटर अंतर असावे.
४. एका समूहात ५० पेक्षा अधिक गाळे नसावेत.
५. गाळ्यात किंवा त्याच्या सुरक्षित अंतरात तेलाचे वा गॅसचे दिवे व उघडी ज्योत नसावी.
६. गाळ्यांपासून ५० मीटरच्या आत फटाके उडवू नयेत.

अटी कशासाठी?

या अटी वरवर किचकट वाटतात. परंतु प्रत्येक अटीमागे कारण आहे. गाळे समोरासमोर असले तर एका गाळ्यातून सुटलेला बाण सरळ दुसऱ्या गाळ्यात शिरतो. अंतर कमी असले तर एकाची आग दुसऱ्याला लागते व माणसांना बाहेर पडण्यास वाट राहत नाही.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी बंगळूरजवळील अत्तिबेले येथे फटाक्यांच्या दुकान-गोदामाला आग लागली. तीत चौदाहून अधिक जणांनी प्राण गमावले. मृतांत तमिळनाडूतून दिवाळीच्या हंगामापुरते कामाला आलेले अनेक तरुण होते. चार पैसे मिळवून सणाला घरी परतावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. या दुर्घटनेनंतर कर्नाटक शासनाने मिरवणुका व विवाहसमारंभ यांतील फटाक्यांवर बंदी जाहीर केली.

सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी निर्देश दिले आहेत. २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके उडविण्यास मनाई झाली. २०१८ साली माळांवर आणि इंटरनेटवरील विक्रीवर बंदी आली, तसेच केवळ परवानाधारक विक्रेत्यांनीच फटाके विकावेत असे ठरले. त्यानंतर नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने कमी प्रदूषण करणारे 'हरित फटाके' विकसित केले.

खरेदीदारालाही परवाना?

घरगुती वापरासाठी थोडे फटाके घेणाऱ्या ग्राहकाला भारतात परवाना लागत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र फुलबाज्यांसारखे किरकोळ प्रकार वगळता फटाके विकत घेणे, बाळगणे व उडविणे यांसाठी नागरिकाला परवाना काढावा लागतो. नेदरलँड्सच्या संसदेने २०२५ साली सामान्य नागरिकांसाठी मोठ्या फटाक्यांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.

अशी योजना आपल्याकडे आली तर काही लाभ संभवतात. खरेदीदाराला सुरक्षिततेची माहिती देता येईल, कोणी किती साठा नेला याची नोंद राहील आणि भाजणे, डोळ्यांना इजा होणे अशा घटना घटू शकतील. परंतु अडचणीही तेवढ्याच आहेत. फुलबाज्यांच्या दोन पेट्यांसाठी मजुरी बुडवून रांगेत उभे राहणे गरीब कुटुंबाला परवडणारे नाही. परवाना महाग किंवा दुर्मीळ झाला, तर चोरटी विक्री वाढेल. आणि चोरट्या मालावर ना मुद्रित सूचना असते, ना कोणाची जबाबदारी. म्हणून लहान प्रकार मोकळे ठेवून केवळ मोठ्या व अधिक धोक्याच्या प्रकारांसाठी परवाना असावा, असा मध्यम मार्ग सुचविता येतो.

मार्ग कोणताही स्वीकारला तरी एक गोष्ट निश्चित आहे. परवाना हा केवळ कागद नव्हे. गाळ्यांमधील ३ मीटर अंतर प्रत्यक्ष मोजणारा अधिकारी, मर्यादेबाहेर साठा न करणारा विक्रेता आणि परवाना पाहून खरेदी करणारा ग्राहक असेल, तरच त्याचा उपयोग होतो.

शब्दार्थ

दारूकाम – शोभेच्या दारूची आतषबाजी
किचकट – गुंतागुंतीचे
संभवणे – शक्य असणे
दुर्मीळ – सहज न मिळणारे

स्वाध्याय

१. तात्पुरत्या दुकानांचे गाळे समोरासमोर का नसावेत?
२. म्हैसूर शहरात तात्पुरत्या दुकानांच्या परवान्याचा अधिकार कोणाकडे असतो? का?
३. 'फटाके खरेदी करणाऱ्यालाही परवाना असावा' या मताच्या बाजूने व विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.
४. आपल्या गावात फटाक्यांचे तात्पुरते दुकान लावण्यासाठी संबंधित अधिकाऱ्यांना अर्ज लिहा. जागा, अंतर व आग विझविण्याची सोय यांचा उल्लेख करा.