कळप मोडायचा ठरलाच, तर तो उक्ता देऊ नका

दिवाळी उलटली की माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या कमी पावसाच्या पट्ट्यातले मेंढपाळ बिऱ्हाड पाठीवर घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. याच दिवसांत अलीकडे पुष्कळ घरांत वेगळीच बोलणी सुरू झालेली असतात. यंदा बाहेर पडायचं, की कळपच मोडायचा? मुलं नोकरीला शहरात गेली, घरातल्या कर्त्या माणसाचे गुडघे चालायला नकार देतात, गायरानं आटली, उसाच्या आणि द्राक्षांच्या पट्ट्यात मेंढरांना वाट मिळेना. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली मेंढरं आणि शेळ्या विकायची वेळ येते, तेव्हा त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. राखायला माणूस नसताना जनावरं धरून ठेवणं हा जनावरांवरच अन्याय आहे. मात्र विकायचं ठरल्यावर बहुतेक घरं एकच चूक करतात. ती इतकी सर्रास होते की तिला कुणी चूक म्हणतही नाही. एक दिवस हेडी वाड्यावर येतो, कळपावर नजर फिरवतो, एक आकडा सांगतो, रुमालाखाली बोटं दाबली जातात, इसार हातात पडतो आणि दोन गाड्यांत तीन पिढ्यांची कमाई निघून जाते. माझं सांगणं एवढंच आहे की कळप हा एक माल नव्हे. त्यात चार वेगवेगळे माल मिसळलेले आहेत. प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं, प्रत्येकाचा हंगाम वेगळा, आणि ते वेगळे करून विकण्याची सुरुवात कार्तिकातच करायला हवी.

हे वेगळेपण कुठून येतं ते नीट पाहू. खाटकाच्या काट्यावर जुळी देणारी मेंढी आणि सलग दोन वर्षं न फळलेली भाकड मेंढी सारख्याच भावात जातात, कारण तिथे मोजलं जातं ते फक्त मांस. शेळी-मेंढीच्या जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण पडतं. म्हणजे ३० किलोच्या जनावरातून १४ किलोच्या आसपास. व्यापारी मनातल्या मनात हाच हिशेब करतो आणि त्यात मुंडी, पाय, वजरी, कातडं धरून, वाहतूक आणि आपला नफा वजा करून आकडा सांगतो. त्याचं त्यात चुकत नाही. पण चांगल्या मादीत खरी किंमत असते ती पोटातल्या पिल्लाची, पुढच्या चार वेतांची, दुधाची आणि त्या माळावर टिकून राहण्याच्या काटकपणाची. यातला एकही गुण काट्यावर उतरत नाही. जुळ्यांचा गुण रक्तातून उतरतो, हे आता नुसतं मेंढक्यांचं निरीक्षण राहिलेलं नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळे मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. एरवी एकच कोकरू देणाऱ्या दख्खनी मेंढीच्या बाबतीत एका जनुकासाठी इतकी वर्षं खपावंसं वाटलं, यावरून त्या गुणाचं मोल कळावं. तुमच्या कळपात अशा चार मेंढ्या किंवा दर वेताला दोन करडं देणाऱ्या उस्मानाबादी शेळ्या असतील, तर त्या मटणाच्या भावात देणं म्हणजे बियाण्याची ज्वारी भाकरीच्या भावात विकणं झालं.

पैदाशीच्या मादीला गिऱ्हाईक मिळेल का, ही पहिली शंका असते. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे ८४ लाख शेळ्या होत्या, २०१९ मध्ये त्या १ कोटी ६ लाखांवर गेल्या. याच काळात गाई-बैलांची संख्या दीड कोटीच्या वरून १ कोटी ३९ लाखांवर घसरली. म्हणजे शेळी नव्या गोठ्यांत शिरते आहे, आणि नव्या गोठ्याला मादी कुठून तरी विकत आणावीच लागते. दहा शेळ्या आणि एक बोकड अशा गटाची सरकारी योजना आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर माद्या आणि पाच नरांपासून पुढच्या प्रकल्पांना अनुदान मिळतं. बँकेतून कर्ज काढून शेड उभारणारा तरुण बाजारातल्या अनोळखी जनावरांना बिचकतो, कारण बाजारातून आजार घरी येतो हे त्याला ठाऊक असतं. एकाच वाड्यात वाढलेली, लसीकरण झालेली, कोणती कितव्या वेताची हे सांगता येणारी जनावरं त्याला हवी असतात. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, पुण्याचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ, गावागावांतले शेळीपालकांचे गट, इथे महिनाभर आधी शब्द टाकून ठेवला तर गिऱ्हाईक स्वतः वाड्यावर येतं. त्याला महिना लागतो, हेड्याला एक सकाळ पुरते. सारा फरक त्या महिन्यात आहे.

आता वाटणी कशी करायची. एका दिवशी सगळा कळप कुडात घेऊन प्रत्येक जनावराचं तोंड उघडून पाहा. साधारण सव्वा ते दीड वर्षाला दोन दात येतात, दोनच्या आसपास चार, अडीच-तीनला सहा आणि साडेतीन-चारला आठ. त्यानंतर दात फाकतात, झिजतात, पडतात. दात पडलेली, कासेत दगडी झालेली, खुरानं अधू, दोनदा उलटलेली अशी जनावरं पहिल्या ढिगात. तरण्या, गाभण किंवा पिल्लाखालच्या माद्या आणि वाढत्या मादी कोकरांचा दुसरा ढीग. तिसरा ढीग कोवळ्या नरांचा, आणि चौथा वर्षाच्या पुढच्या देखण्या नरांचा. समजा शंभराच्या कळपात ३० माद्या पैदाशीच्या लायक निघाल्या. मटणाच्या हिशेबाने ३० किलोची मेंढी ३५० रुपयांनी १०,५०० ला जाते असं धरू आणि तीच गाभण म्हणून १४,००० ला गेली असं धरू. नुसत्या या ढिगावर १,०५,००० रुपयांचा फरक पडतो. भाव तुमच्या बाजारातले घाला, आकडे बदलतील, पण फरक पुसला जाणार नाही. आणि वजन डोळ्यांनी ठरवू नका. लटकवायचा काटा महाग नसतो. २५ नरांच्या अंदाजात प्रत्येकी दोनच किलोची चूक झाली, तर ५० किलो, म्हणजे वरच्याच भावाने १७,५०० रुपये तुम्ही हातानं देऊन टाकता.

हंगामाचं गणित याहून महत्त्वाचं आहे. पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्यावर कार्तिकात जनावर अंगानं सर्वांत भरलेलं असतं. म्हातारी आणि भाकड जनावरं याच दिवसांत काढावीत, कारण पुढचा प्रत्येक महिना त्यांचं मांस उतरवणार आणि चारा मात्र खाणारच. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे आणि श्रावणापासून नवरात्रापर्यंत मटणाचा उठाव मंदावतो. वर्षअखेर, धुळवड, चैत्र-वैशाखातल्या जत्रा आणि आखाडात तो चढतो, हे प्रत्येक खाटकाला पाठ असतं आणि विकणाऱ्यालाही असायला हवं. पैदाशीच्या माद्या माघ-फाल्गुनापर्यंत घरातून निघाव्यात. नोव्हेंबर-डिसेंबरात व्यालेल्यांची कोकरं तोवर तीन-चार महिन्यांची होऊन आईवेगळी झालेली असतात आणि नव्या मालकाकडे उन्हाळा कडक होण्याआधी जनावर रुळतं. शेवटी राहतात ते देखणे बोकड आणि मेंढे, बकरी ईदसाठी. हा सण दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये तो १७ जूनला होता, २०२५ मध्ये ७ जूनला, आणि आता काही वर्षं तो ऐन मे महिन्यात येत राहणार. याचा अर्थ असा की कुर्बानीचं जनावर यापुढे टंचाईच्या ऐन कडाक्यात तयार करावं लागेल. म्हणून त्याच्यासाठी मका, पेंड आणि कडबा आताच राखून ठेवा. बोकडाला वर्ष पूर्ण झालेलं आणि तो बिनव्यंग असावा अशी गिऱ्हाइकाची धर्माने घातलेली अट असते. शिंग मोडलं, कान फाटला की त्याची किंमत पुन्हा मटणावर येते, तेव्हा हे नर टकरी घेणाऱ्यांपासून वेगळे बांधावेत.

यावर सर्वांत जड आक्षेप असा, की राखायला माणूस नाही म्हणून तर विकतोय, मग सात महिने ओढायचं कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. टप्प्यांनी विकताना कळप सात महिने शंभराचा राहत नाही. पहिल्या महिन्यात म्हातारी-भाकड जनावरं आणि हाताशी आलेले कोवळे नर गेले की तो ६५-७० वर येतो. फाल्गुनात माद्या आणि मादी कोकरं गेली की उरतात पंधरा-वीस नर, आणि तेवढे दावणीला बांधून घरचं म्हातारं माणूसही सांभाळू शकतं. माणूस लागतो तो फार तर चार महिने, आणि तेवढ्यापुरता गडी ठेवला तरी त्याचा पगार वरच्या फरकातून निघतो. पण घरात आजारपण असेल, ते चार महिनेही निभणार नसतील, तर आठवडाभरात विका. तेव्हाही ढीग वेगळे करूनच विका, तीन गिऱ्हाइकांना एकाच दिवशी बोलवा. अगदीच हात आखडले असतील तर पैदाशीच्या माद्या नात्यातल्या किंवा ओळखीच्या होतकरू कुटुंबाला अर्धलीने द्याव्यात. पैसा लगेच येत नाही, पण वाण गावात राहतो आणि वर्षाला वाट्याची कोकरं हाती येतात. बोलणी मात्र कागदावर हवीत, जनावर मेलं तर तोटा कुणाचा हे आधीच ठरलेलं असावं.

दुसरा आक्षेप जाणते मेंढकेच घेतात. चांगली चांगली निवडून गेली की मागे राहिलेल्या गाळाला कोण विचारतो? म्हणूनच गाळ आधी विकायचा असतो. व्यापारी पाच चांगल्यांच्या लोभाने पाच वाईट घेतो, त्याला आपण ‘सरसकट’ म्हणतो, पण त्या सौद्यात तो वाईटांना भाव देत नसतो, चांगल्यांचा भाव खाली ओढत असतो. पहिला ढीग आपल्या हाताने वेगळा काढून वजनावर विकला की त्याचा भाव कळतो, आणि पुढच्या ढिगात निवड करू द्यायची असेल तर निवडीचा वेगळा दर सांगता येतो. बाजाराच्या वाऱ्या वाढतील हीही भीती असते. लोणंद, आटपाडी, सांगोला, चाकणसारख्या बाजारांत भावाचा अंदाज घ्यायला स्वतः रिकाम्या हाताने जरूर जा. जनावरं मात्र शक्यतो वाड्यावरूनच विका. बाजारात नेऊन न विकलेलं जनावर परत आणलं की त्याच्यासोबत पीपीआर किंवा देवी येऊ शकते, आणि टप्प्यांनी विकणाऱ्याचा मागे राहिलेला कळप त्यातच बसू शकतो. परत आणावंच लागलं तर तीन आठवडे वेगळं बांधा. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस विक्रीच्या निदान तीन आठवडे आधी टोचून घ्या, म्हणजे प्रवासाच्या ताणात जनावर सावरतं. मटणासाठी जाणाऱ्या जनावराला प्रतिजैविक किंवा जंताचं औषध दिलं असेल, तर त्या औषधाची ठरलेली मुदत उलटल्याशिवाय विकू नका. ते मटण कुणाच्या तरी लेकरांच्या ताटात जाणार आहे.

कागदाची बाजू थोडक्यात. राज्यात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर बंधन आलं आहे, तेव्हा १२ अंकी बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद आधी करून घ्या. लांबच्या प्रवासाला पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही. उक्त्या सौद्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून पैसे खात्यावर घ्या. पशुपालनाचं उत्पन्न शेतीच्या करमुक्त उत्पन्नात धरलं जात नाही, तेव्हा मोठी रक्कम येणार असेल तर करसल्लागाराला आधी विचारा. कळपावर कर्ज किंवा विमा असेल तर तो व्यवहार विक्रीआधी मिटवा. आणि घरातल्या घरात एक यादी करा. कळपात सुनेच्या माहेरून आलेली शेळी असते, नातवाच्या नावाने सोडलेलं कोकरू असतं, लेकीला बोललेली जनावरं असतात. ज्याचं त्याला विचारून आणि ज्याचे पैसे त्याला देऊनच दावं सोडावं. सगळ्यांच्या वतीने एकाने इसार घेतला की भाऊबंदकी तिथूनच सुरू होते.

गाई-बैलांचे कळप बाळगणाऱ्यांपुढे हे पर्याय नाहीत. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हाताऱ्या बैलाचा बाजारच संपला. शेळी-मेंढीवाल्याच्या हातात अजून वेळ निवडण्याची मोकळीक आहे आणि ती त्याने वैशाखापर्यंत घालवू नये. तळी आटली, कडबा महागला, आजूबाजूचे चार कळप एकदम बाजारात उतरले की भाव पडतो आणि मग आकडा हेडीच सांगतो. दुष्काळात हे दर वेळी घडतं.

विक्री सुरू झाल्यावर नर पहिल्याच टप्प्यात वेगळा करा, नाहीतर शेवटच्या महिन्यांत कोवळ्या मादी कोकरांवर तो चढेल आणि त्यांची वाढ खुंटेल. वाड्यातलं लेंडीखत कळपाच्या सौद्यात धरू देऊ नका, त्याला बागाईतदाराचं वेगळं गिऱ्हाईक आहे. आणि कळपाच्या पुढे चालणारी जी शेळी असेल, ती कितीही म्हातारी असली तरी पहिल्या ढिगात घालू नका. तिच्या मागे मेंढरं बिनबोभाट गाडीत चढतात. ती नसली तर प्रत्येकाला पाय धरून ओढावं लागतं, गाभण मेंढ्या आपटतात, पोटातलं पिल्लू टाकतात. शेवटची गाडी भरेपर्यंत ती तुमच्याजवळ असू द्या.