ट्रॅक्शन कंट्रोलचा लाइट जळतोय? सेन्सर मागवण्याआधी हे तपासा



गॅरेज चालवणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. आपण पार्ट बदलण्याचे पैसे घेत नाही, दोष शोधण्याचे घेतो. हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलोय.

एटापल्लीकडची एक एसयूव्ही माझ्याकडे आली होती. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल, दोन्ही लाइट चालू. स्कॅनर लावला तर कोड आला सी००४०, म्हणजे पुढच्या उजव्या चाकाचा स्पीड सेन्सर. मी नागपूरहून सेन्सर मागवला, दोन दिवस थांबलो, बसवला, कोड पुसला, गाडी दिली. चौथ्या दिवशी फोन आला, "भाऊ, सेन्सर तर नवा टाकला, मंग लाइट काहून जळते?"

शंभराच्या वर किलोमीटर गाडी चालवत तो माणूस परत आला. चाकावरचं प्लॅस्टिकचं लाइनर काढलं तेव्हा दोष दिसला. गाडी धानाच्या कोठीजवळ उभी राहायची. उंदरांनी बॉडीकडची वायर अर्धी कुरतडली होती. खड्डा आला की दोन-चार तार एकमेकांपासून सुटायचे. जुना सेन्सर चांगला होता. नव्याचे पैसे मी परत केले. ते पैसे गेलेच, त्याहून जास्त भरवसा गेला.

कोड म्हणजे फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावर सेन्सर आहे, वायर आहे, कनेक्टर आहे, बेअरिंग आहे. चोर त्यातला कोण, हे मोजूनच कळतं.

आधी सिस्टीम समजून घ्या

ट्रॅक्शन कंट्रोल हे एबीएसच्याच सेन्सरवर चालतं. चारही चाकांचा वेग मॉड्यूलकडे जातो. इंजिनची ताकद मिळणारं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरलं, की मॉड्यूल इंजिनची ताकद कमी करतं किंवा त्या चाकाला ब्रेक लावतं. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हे काम आता आपल्या गावातल्या गॅरेजलाही येणारच.

पायरी १ : लाइट नीट वाचा

- चिखलात किंवा ओल्या पानांवर लाइट लुकलुकतो आणि मग विझतो : सिस्टीम काम करतेय, दोष नाही.
- फक्त "ऑफ" लिहिलेला लाइट : बहुतेक वेळा कुणीतरी बटण दाबलेलं असतं. आधी बटण बघा.
- एबीएस आणि ट्रॅक्शन दोन्ही चालू : चाकाचा सेन्सर, त्याची वायर किंवा बेअरिंगपासून सुरुवात करा.
- फक्त ट्रॅक्शनचा चालू : ब्रेक लाइटचा स्विच, स्टिअरिंग अँगल सेन्सर आणि इंजिनचे कोड बघा. इंजिन मिसफायर करत असेल तरी काही गाड्या ट्रॅक्शन कंट्रोल बंद करतात.
- सोबत ब्रेकचा लाल लाइटही चालू : गाडी चालवू नका. आधी ब्रेक ऑइल बघा, गरज पडल्यास टो करून आणा.

पायरी २ : फुकटात होणाऱ्या तपासण्या

बॅटरीचा व्होल्टेज, चारही टायरचा साइज, हवा. एक टायर वेगळ्या साइजचा असेल तर त्या चाकाचा वेग वेगळा दिसतो. अलाइनमेंटनंतर लाइट लागला असेल तर स्टिअरिंग अँगल कॅलिब्रेट करावा लागू शकतो.

पायरी ३ : योग्य स्कॅनर

मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुतेक इंजिनचे, म्हणजे पी ने सुरू होणारेच कोड वाचतात. आपल्याला सी वाले कोड हवेत, म्हणून एबीएस मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लागतो. मग लाइव्ह डेटा उघडा. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्याला गाडी सरळ चालवायला सांगा, ताशी २० किलोमीटर. तुम्ही चारही आकडे बघा. कोणतं चाक शून्य दाखवतं? कोणतं मधेच गळतं? अगदी हळू वेगातच गळत असेल तर सेन्सरच्या टोकावरची घाण किंवा बेअरिंगवरची चुंबकीय रिंग संशयित. आलापल्ली-सिरोंचा पट्ट्यात पावसाळ्यात चालणाऱ्या गाडीचं चाक खोलून आधी चिखल धुवा.

पायरी ४ : मोजा

जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये कॉइल असते, तिचा रेझिस्टन्स मोजता येतो, साधारण एक-दोन हजार ओहमपर्यंत. नव्या गाड्यांत अ‍ॅक्टिव्ह सेन्सर असतो. त्याला ओहममध्ये मोजून निकाल देऊ नका. कनेक्टर काढा, की चालू करा, वायरिंगच्या बाजूला सप्लाय येतो का बघा. काही मॉड्यूल दोष दिसताच सप्लाय बंद करतात, म्हणून की बंद-चालू करून लगेच मोजा.

सप्लाय नसेल तर वायर किंवा मॉड्यूल. सप्लाय असेल तर लाइव्ह डेटा चालू ठेवून, गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवा आणि वायर हलवत जा. आकडा उडाला तिथेच दोष. हल्लीच बेअरिंग बदललं असेल तर विचारा : चुंबकीय रिंगचं बेअरिंग उलटं बसलं तर सिग्नल येतच नाही.

पायरी ५ : दुरुस्ती

बॉडीकडची वायर असेल तर चांगलं तांबं लागेपर्यंत कापा, सोल्डर करा, गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा, दोन्ही वायरींचा पीळ तसाच ठेवा. नुसती टेप गुंडाळली तर पहिल्या पावसात पाणी शिरतं. सेन्सरच्याच केबलमध्ये दोष असेल तर केबलसकट सेन्सर बदला, तिथे जोड टिकत नाही. शेवटी कोड पुसा, गाडी चालवून बघा, परत स्कॅन करा.

आता धंद्याची गोष्ट

तपासणीचा चार्ज वेगळा ठरवा आणि गाडी आत घेण्याआधी सांगा. जॉब कार्डवर तीन ओळी लिहा : कोड काय आला, काय मोजलं, काय सापडलं. तुटलेल्या वायरचा फोटो ग्राहकाला पाठवा. फोटो बघितल्यावर तपासणीच्या पैशावर वाद होत नाही.

कुणी म्हणेल, "दादा, तो लाइटच काढून टाक." नाही म्हणा. पावसात जंगलातल्या रस्त्यावर जनावर आडवं आलं आणि एबीएस बंद असेल, तर लाइट लपवणारे आपणच असू.

या आठवड्यात एक काम करा. पुढच्या एबीएसच्या गाडीला पार्ट मागवण्याआधी पायरी ३ आणि ४ पूर्ण करा. काय सापडलं ते वहीत लिहून ठेवा. दहा गाड्यांनंतर ती वहीच तुमचा सगळ्यात चांगला गुरू होईल.