सरकलेली चकती कोणी 'बसवत' नाही

तांजोंग पगारच्या ऑफिसांत तासन्‌तास बसून कंबर धरते, कळ पायात उतरते आणि एमआरआयवर 'स्लिप डिस्क' दिसते. खरं तर मणक्यांमधली चकती सरकत नाही. तिचं कडं फाटून आतला मऊ गर बाहेर येतो आणि नसेला डिवचतो. तो दाबून आत बसवता येत नाही. बऱ्याचदा शरीरातल्या भक्षक पेशीच काही महिन्यांत तो फस्त करतात. गंमत म्हणजे सुटा, मोठा तुकडा अनेकदा जास्त विरतो! मग फिजिओथेरपिस्टचे हात कशाला? दुखणं थोडं उतरवून तुम्हाला चालतं ठेवायला. पण लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर मालीश नको, लगेच इमर्जन्सी गाठा. सिंगापूर जनरल हॉस्पिटल एकच स्टेशन पुढे आहे, आउट्रम पार्कला.