बँकॉकचे विहार : बुद्धावास आणि संघावास

बँकॉकला जाऊन आलेले आपले पुष्कळ धम्मबांधव आवर्जून छायाचित्रे दाखवतात. त्यांत सोनेरी शिखरे असतात, रंगीत काचांनी मढवलेल्या भिंती असतात आणि पहुडलेल्या तथागतांची भव्य मूर्ती तर हमखास असते. अशी छायाचित्रे पाहूनच आम्हीही एका हिवाळी सुट्टीत तेथे गेलो. आम्ही म्हणजे शाळेत शिकवणारे काही जण आणि येथील वसतिगृहात राहून शिकलेले काही माजी विद्यार्थी. सौंदर्य पाहून आम्हीही थक्क झालो. परंतु पहाटेच्या घंटेवर उठत वाढलेल्या माणसांचे लक्ष तेथे आणखी एका गोष्टीकडे गेले. हे विहार मुळात राहण्याची आणि शिकण्याची ठिकाणे आहेत, ही ती गोष्ट.

प्रथम शब्दांविषयी थोडे. तेथे विहाराला ‘वाट’ म्हणतात. हा शब्द पालीतील ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा यावरून आला आहे. आपल्या पायवाटेशी त्याचा संबंध नाही. आपला ‘वाडा’ मात्र त्याच कुळातला. वाटेच्या आवारात ‘उबोसोत’ असते, म्हणजे उपोसथागार; त्याभोवती आठ दिशांना ‘सीमा’ दाखवणारे पाषाण रोवलेले असतात. ‘चेदी’ म्हणजे चेतिय, चैत्य. भिक्खूंच्या निवासाला ‘कुटी’च म्हणतात आणि बसण्याच्या मंडपाला ‘साला’, म्हणजे शाला. पाली वंदना पाठ असलेल्या आपल्या मुलाला तेथे दुभाष्या फारसा लागू नये. साऱ्या आवाराचे दोन भाग मानतात : जेथे मूर्ती, चैत्य आणि उपोसथागार असते तो ‘बुद्धावास’, आणि भिक्खू जेथे राहतात तो ‘संघावास’. प्रवासी बहुधा बुद्धावास पाहून परततात.

वाट फो येथे हा भेद डोळ्यांनी दिसतो. या विहाराचे औपचारिक नाव ‘वाट फ्रा चेतुफोन’. त्यातील ‘चेतुफोन’ म्हणजे अनाथपिंडिकाने दान दिलेले जेतवन. चेतुफोन याच नावाचा रस्ता आवाराचे दोन तुकडे करतो. उत्तरेकडे बुद्धावास आहे आणि गर्दी सारी तिकडे असते. तेथील पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाचे शिल्प ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती मुद्रा ओळखीची वाटेल. येथे मात्र मूर्ती इमारतीत इतकी दाटून बसली आहे की ती संपूर्ण एका नजरेत मावत नाही. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हे कोरली आहेत. भिंतीलगत १०८ भांडी ओळीने मांडलेली असून उपासक प्रत्येकात एकेक नाणे टाकीत जातात. त्या नाण्यांचा नाद सबंध दालनात अखंड चालू असतो.

आम्ही सर्वाधिक वेळ घालवला तो मात्र ओसऱ्यांतून आणि छोट्या मंडपांतून. राजे तिसरे राम यांनी १८३१ ते १८४१ या काळात विद्वानांकडून येथे शिलालेख कोरवून घेतले. आज ते १,४०० हून अधिक आहेत आणि २०११ पासून युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत त्यांचा समावेश आहे. वैद्यक, काव्य, इतिहास, धम्म, सुभाषिते असे नाना विषय त्यांत आहेत. शरीरातील शिरा आणि दाबाची स्थाने दाखवणाऱ्या आकृत्या भिंतीवर आहेत, तर व्यायामाच्या स्थितीत बसलेल्या ऋषींच्या मूर्ती बागेत आहेत. थाई वैद्यक ज्याला आपला आद्यगुरू मानते, तो आपल्या त्रिपिटकातला जीवक कोमारभच्च. वैद्यक आणि मर्दन शिकवणारे वाट फोचे विद्यालय १९५५ पासून चालू आहे.

सयामात छपाई नुकती कोठे पाऊल टाकीत होती, त्या काळी राजाने ज्ञान भिंतीवर लिहून ठेवले, येईल त्याने वाचावे म्हणून. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, आणि त्यासाठी त्यांना काय सोसावे लागले हे वाचक जाणतात. भिंतीपुढे उभे असताना आमच्यातील एका वयस्क शिक्षकांचे डोळे भरून आले. तथापि चित्र एकरंगी नाही. त्याच सयामात तेव्हा दासप्रथा होती आणि ती पूर्णपणे संपण्यास १९०५ साल उजाडावे लागले. भिंत सर्वांसाठी उघडी होती. अक्षरओळख सर्वांना नव्हती.

मग आम्ही रस्ता ओलांडून दक्षिणेकडे गेलो. तेथे तिकीट नाही, गर्दी नाही. कुटींच्या रांगा, वाळत घातलेली चीवरे, शाळेची इमारत, सायकली. हा संघावास पाहताना सर्वांनाच आपले वसतिगृह आठवले, आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. गरीब घरचा मुलगा शिक्षणासाठी शहरात आला की त्याने विहारात राहावे, सकाळी भिक्खूंच्या मागे भिक्षेचे डबे वाहावे, झाडलोट करावी, उरलेले अन्न खावे आणि शाळेत जावे, ही तेथील जुनी रीत. अशा मुलाला ‘देक वाट’ म्हणजे विहाराचे मूल म्हणतात. दक्षिणेच्या त्रांग प्रांतातून आलेले चुआन लीकपाई बँकॉकमध्ये असेच विहारात राहून कायदा शिकले आणि १९९२ साली देशाचे पंतप्रधान झाले. सामान्यांच्या मुलांसाठी राजे चुलालोंगकोर्न यांनी काढलेली पहिली शाळाही १८८४ साली वाट महान्नफाराम या विहारातच भरली.

यात एक उणेपण आहे आणि मुलींच्या पालकांपासून ते आम्ही दडवणार नाही. विहाराचे मूल म्हणजे मुलगा. मुलीला तो आश्रय नव्हता. स्त्रियांना भिक्खूंनी प्रव्रज्या देऊ नये असा आदेश तेथील संघाने १९२८ साली काढला. शुभ्र वस्त्रे नेसून विहारात राहणाऱ्या ‘मे ची’ उपासिकांना भिक्खुणीचा दर्जा नाही. महाप्रजापती गौतमीचा इतिहास शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे खटकले.

लोह प्रासाद हा आमच्या दृष्टीने बँकॉकमधील सर्वांत शिकवण्याजोगा विहार. वाट राचनद्दा या आवारात १८४६ साली त्याचे काम सुरू झाले. श्रावस्तीत विशाखेने आणि अनुराधपुरात राजा दुट्ठगामणीने असे प्रासाद बांधले होते, असे परंपरा सांगते. त्यांपैकी आज उभा आहे तो हा. याला धातूची ३७ शिखरे आहेत, कारण बोधिपक्खिय धम्म ३७ आहेत. चार सतिपट्ठान, चार सम्मप्पधान, चार इद्धिपाद, पाच इंद्रिये, पाच बले, सात बोज्झंग आणि आर्य अष्टांगिक मार्ग : बेरीज करून पाहावी. मध्यभागी लाकडी गोल जिना आहे. आमच्या गटातील एका माजी विद्यार्थिनीने गच्चीवर उभे राहून सातही गट मोजून दाखवले. इद्धिपादांपाशी ती अडखळली, आणि आम्ही शिक्षकही.

जवळच वाट साकेतची सुवर्णटेकडी आहे. येथे मुळात प्रचंड चैत्य व्हायचे होते. गाळाची मऊ जमीन भार पेलीना, बांधकाम खचले आणि ढिगाऱ्याची टेकडी झाली. पुढच्या राजांनी तिच्यावर लहानसा चैत्य उभारला. उत्तर प्रदेशातील पिप्राहवा येथे १८९८ साली स्तूपाच्या उत्खननात सापडलेल्या धातूंपैकी काही भाग ब्रिटिशांनी राजे चुलालोंगकोर्न यांना दिला. त्यांतील धातू येथे आहेत. तीनशेहून अधिक पायऱ्या चढताना आमच्यातील ज्येष्ठांनी वाटेत दोनदा विसावा घेतला.

वाट अरुणचे चिनी मातीच्या तुकड्यांनी नटलेले शिखर संध्याकाळी नदीच्या अलीकडून पाहावे. वाट त्रायमितची साडेपाच टन वजनाची सुवर्णमूर्ती १९५५ साली हलवताना पडली आणि चुन्याचे कवच फुटले, तेव्हा ती सोन्याची असल्याचे कळले.

राजवाड्यातील वाट फ्रा केओ हे सर्वांत झगमगते. तेथील ‘पाचूची’ मूर्ती खरे तर हिरव्या जेड पाषाणाची असून ६६ सेंटिमीटर उंच आहे. ऋतुमानानुसार तिची वस्त्रे वर्षातून तीनदा बदलतात आणि हा विधी राजा करतो. परंतु सभोवतीच्या ओसरीत रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेले आहे. “हे येथे कशासाठी?” असे आमच्यातील एका तरुणाने स्पष्टच विचारले. हा राजाचा विहार आहे, चक्री घराण्याचे राजे स्वतःस राम म्हणवतात आणि दरबारी विधींत ब्राह्मणांना आजही स्थान आहे, एवढेच उत्तर आम्हांस देता आले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतील माणसांना ते रुचले नाही. मूर्तींना चिकटवलेला सोन्याचा वर्ख आणि काड्या हलवून पाहिलेले भविष्यही रुचले नाही. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे : या विहारात एकही भिक्खू राहत नाही. बुद्धावास आहे, संघावास नाही.

त्या कोठल्याही दारात आम्हांस कोणी जात विचारली नाही. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर काढावीत आणि मूर्तीकडे पाय करून बसू नये, एवढ्याच अटी. नाशिकच्या १९३० च्या सत्याग्रहात ज्यांचे आजोबा होते, ते आमचे एक सहकारी प्रत्येक उंबरठ्यावर क्षणभर थांबत. का, ते आम्ही विचारले नाही.

परतण्याच्या दिवशी पहाटे आम्ही इटलीच्या संगमरवरातील वाट बेंचामबोफितला गेलो. त्याच्या अंगणाभोवती निरनिराळ्या देशांच्या आणि काळांच्या शैलींतील पन्नासहून अधिक बुद्धमूर्ती आहेत; परंतु त्या वेळी दारे उघडलेली नव्हती. इतरत्र भिक्खू भिक्षेसाठी घरोघर फिरतात. येथे ते विहाराबाहेर रस्त्यालगत उभे राहतात आणि लोक त्यांच्याकडे येतात. आम्हीही कोपऱ्यावरून भात आणि केळी घेऊन ओळीत उभे राहिलो. एका वृद्ध भिक्खूंच्या मागे शाळेच्या गणवेशातला दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. पात्रात न मावलेल्या पिशव्या तो आपल्या हातांत घेत होता. त्याच्या पाठीवर दप्तर होते.