पहिलीत नाव घालताना

गुरुजींनी सांगितलेली माहिती मी लिहितो. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यामुळे ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना मोफत शिक्षण मिळते. पहिलीच्या प्रवेशाला परीक्षा नसते. अंगणवाडीत गेले नसले तरी पहिलीत घेतात. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. वयासाठी दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते. तीही नसेल तर आईवडिलांनी वय लिहून द्यावे.

आमच्या आळीतल्या काकू म्हणतात, "दाखला न्हाई, पोरीला पुढच्या साली घालू." काकू, ती सहा वर्षांची झाली. तिचे वर्ष वाया घालवू नका. उद्या तिला माझ्यासंगं पाठवा. माझी जुनी पाटी मी तिला देईन.

— इयत्ता ४ थी